बिजागरीची कुरकुर

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही तरी लिहून द्यावे, असे संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी आम्हांस सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात विज्ञानातील एखादा भारदस्त विषय असावा. ग्रह, तारे, अणुशक्ती यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र यंदा बिजागरीवर लिहावयाचे ठरविले आहे. तेही घराच्या दाराच्या बिजागरीवर नव्हे, तर एका जुन्या पिकअप गाडीच्या बॉनेटच्या बिजागरीवर. विषय क्षुद्र वाटेल. परंतु या क्षुद्र वस्तूने एके पहाटे आमचा व आमच्या थोरल्या बंधूंचा जीव टांगणीस लावला होता. आणि घर्षणाचा जो पाठ आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो, तो त्या पहाटे आम्ही स्वतः प्रथम शिकलो.

आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, बेळगावहून गोव्याला भाजी नेण्याचा धंदा करतात. गोव्यातील बाजारांत बेळगावकडची भाजी किती जाते, हे इकडील वाचकांस सांगावयास नको. रात्री कोबी, गाजर, ढबू मिरची, बीन्स यांची पोती आणि क्रेट भरून ठेवावेत, पहाटे तीनच्या सुमारास गाडी काढावी, जांबोटी व कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरावा आणि केरीवरून उजाडता उजाडता साखळी गाठावी, हा दादांचा नेम. त्यांच्या या कष्टांवरच आमचे शिक्षण झाले. आम्ही मास्तर झालो, याचा त्यांना अभिमान आहे. आणि तो लपविण्यासाठी की काय, ते आम्हांस नावाने कधीच हाक मारीत नाहीत, ‘मास्तर’ असेच म्हणतात.

२०१७ साली दादांची पिकअप चौदा वर्षांची होती. इंजिन ठणठणीत होते. दादा दररोज निघण्यापूर्वी बॉनेट उघडून इंजिनातील ऑइल व रेडिएटरमधील पाणी पाहत. म्हणजे वर्षाकाठी तीनशेहून अधिक वेळा ते बॉनेट उघडले आणि मिटले जाई. हा सारा भार ज्या दोन बिजागऱ्यांवर पडे, त्या पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागील दोन कोपऱ्यांत दडलेल्या होत्या. इंजिनाला ऑइल लागते, हे सर्वांच्या ध्यानी असते. ज्या झाकणाखाली ते इंजिन आहे, त्या झाकणाच्या बिजागरीलाही दोन थेंब लागतात, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

बिजागरी बिघडते ती एकाएकी नव्हे. ती आधी बोलते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या अंगणातून पहाटे ‘कर्रर्र’ असा आवाज येऊ लागला. वहिनी एकदा चहा देता देता म्हणाल्या, “भाऊजी, गाडी रोज पहाटे रडते बघा. तुमचे दादा झोपेत असतात, त्यांना ऐकू येत नाही. तुम्हांला तरी येतं का?” आम्ही हसलो. त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात आम्ही घर्षणाचा पाठ घेत होतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता त्यांच्या गतीस विरोध होतो, वंगण घातल्याने तो विरोध कमी होतो, हे फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहून देऊन आम्ही घरी येत होतो, आणि घरच्या अंगणातील घर्षण आमच्या कानांवरून वाऱ्यासारखे जात होते.

दादांनी मात्र एकदा स्पष्ट सांगितले होते. “मास्तर, मला वेळ होत नाही. येत्या रविवारी त्या बॉनेटच्या बिजागरीला जरा ऑइल घाल की. डावी बाजू जड झाली आहे.” आम्ही होकार दिला. तो रविवार उत्तरपत्रिका तपासण्यात गेला. दुसऱ्या रविवारी एक लग्न निघाले. तिसऱ्या रविवारी पाऊस होता. पुढे पुढे तर आम्हांस त्या होकाराचे स्मरणही उरले नाही. वस्तुतः काम दहा मिनिटांचे होते.

मध्यंतरी त्या बिजागरीची अवस्था पायरीपायरीने बिघडत गेली. पहिली पायरी आवाजाची. दुसरी पायरी जडपणाची. बॉनेट उघडताना उजवी बाजू सहज वर येई, डावी मागे रेंगाळे. तिसऱ्या पायरीस बॉनेट मिटल्यावरही डावीकडचा मागचा कोपरा बोटभर वर राहू लागला आणि बॉनेट व मडगार्ड यांमधील फट एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद दिसू लागली. चौथ्या पायरीस बॉनेट सरळ मिटेना. दादा ते हातभर उंचीवरून आपटून मिटवू लागले. वाचकहो, जुन्या गाडीचे बॉनेट आपटावे लागते असे ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी समजावे की दोष लॉकमध्ये असेल वा नसेल, बिजागरी एकदा पाहिलीच पाहिजे. आपटल्याने तो दोष जात नाही. तो फक्त दडपला जातो.

पाचव्या पायरीची कथा सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. बॉनेटला पुढच्या बाजूस दोन बंधने असतात. एक मुख्य लॉक. गाडीतील तरफ ओढली की तारेने ते सुटते. दुसरा असतो एक छोटासा आकडा. मुख्य लॉक चुकून सुटलेच, तर बॉनेट बोटभर उचलले जाऊन या आकड्यात अडकावे, वाऱ्याने उघडू नये, एवढ्यासाठीच त्याची योजना असते. बॉनेट तिरके झाल्यामुळे हा आकडा घासू लागला व पहाटेच्या अंधारात तो बोटांनी सुटेना. दादांची दोन-चार मिनिटे रोज त्यात जात. त्यांची ती धडपड पाहून आम्ही एका संध्याकाळी पक्कड घेतली, आकडा मागे ओढला आणि बारीक तारेने कायमचा बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, “आज बरं उघडलं.” आम्ही गप्प राहिलो, मनातून मात्र प्रसन्न झालो. त्यांनी दोन थेंब तेल मागितले होते. आम्ही त्यांना तार दिली.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुट्टीत एके दिवशी आम्ही दादांबरोबर गोव्यास निघालो. परतीचा पाऊस रात्री पडून गेला होता. जांबोटी सोडल्यावर दोन्ही बाजूंस दाट झाडी, रस्ता ओला, आणि दिव्यांच्या उजेडात येईल तेवढेच जग. चार वाजून गेले असावेत. गाडी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असेल. पुढचे चाक एका खड्ड्यात गेले, पुढून ‘खट्’ असा आवाज झाला, आणि क्षणार्धात एक काळी भिंत उभी राहून काचेवर आदळली. काच तडकली. समोर रस्ता नाही, उजेड नाही, काहीच नाही. आम्ही ओरडलो की नाही, हे आज आठवत नाही. आठवतो तो फक्त समोरून येणाऱ्या एका ट्रकचा भोंगा, आणि तो किती दूर आहे हे कळावयास काही मार्ग नाही, ही जाणीव.

दादांनी त्या वेळी काय केले, ते येथे नोंदविणे अवश्य आहे; कारण असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. त्यांनी जोराने ब्रेक दाबला नाही. ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी तशी दाबली असती, तर ती आडवी झाली असती. त्यांनी चाक होते तसे सरळ धरले, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेक हलकेच लावला, चारही इंडिकेटर सुरू केले, आणि डोके खाली घालून बॉनेट व काच यांच्या बुडाशी राहिलेल्या चार बोटांच्या फटीतून पाहू लागले. गाडीचे दिवे बॉनेटमध्ये नव्हे, पुढील भागात असतात; त्यामुळे त्या फटीतून ओल्या रस्त्याची एक चकाकती पट्टी दिसत होती. “मास्तर, डावीकडं खिडकीतनं बघ. कडा किती लांब आहे?” असे त्यांनी विचारले. आम्ही बाहेर डोके काढून सांगत राहिलो. ट्रक उजव्या बाजूने निघून गेला. गाडी कडेला थांबली.

काही वेळ दोघेही बोललो नाही. मग दादा विजेरी घेऊन उतरले. पुढच्या बाजूस वाकून पाहताना त्यांच्या विजेरीचा प्रकाश एका जागी स्थिर झाला. “ही तार कुणी बांधली?” त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले. आम्हांस वाटले, आता ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त हाताने ती तार उलगडली, खिशात घातली, आणि म्हणाले, “वहिनी तुझी वाट बघत बसली असती रे.” स्वतःचे नाव त्यांनी घेतले नाही. मागून येणाऱ्या एका ओळखीच्या गाडीत निम्मा माल चढविला. उरलेला घेऊन, बॉनेट दोरखंडाने खाली आवळून बांधून, आम्ही सावकाश बेळगावास परतलो.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमबागेतील एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटकडे पाहण्यापूर्वी काचेखालच्या खोबणीत हात घातला आणि मूठभर कुजलेली आंब्याची पाने बाहेर काढली. आमची गाडी अंगणातील आंब्याखाली उभी राहते. पाने त्या खोबणीत साचली, पाणी वाहून जाण्याची भोके बुजली, आणि दोन्ही बिजागऱ्या चार महिने ओल्या चिखलात बसल्या. डावीकडे उतार असल्याने डावी अधिक भिजली. शिवाय गाडी धुताना आम्ही साबणाचे पाणी तेथे ओतत होतो. त्याने उरलेसुरले वंगणही धुऊन गेले. मिस्त्री म्हणाले, “सर, लोखंड पावसानं कमी मरतं. साठलेल्या पाण्यानं जास्त मरतं.”

मग त्यांनी आम्हांस बॉनेट का वाकले, ते दाखविले. आम्ही पट्टी मागून मापे घेतली. बॉनेटची पुढची कड बिजागरीपासून सुमारे एक मीटर अंतरावर होती. बिजागरीचे दोन बोल्ट एकमेकांपासून चार सेंटिमीटरवर. म्हणजे अंतराचे गुणोत्तर पंचवीस. बिजागरीची पिन फिरत असेल, तर पुढे लावलेला जोर बॉनेट फिरविण्यात खर्ची पडतो. पिन गंजून बसली असेल, तर तोच जोर तरफेच्या नियमाने पत्र्यावर आणि बोल्टांवर येतो. पुढच्या कडेवर दहा किलो वजनाएवढा दाब दिला, तर बोल्टांपाशी अडीचशे किलो वजनाएवढा ओढा निर्माण होतो. आणि एकच बिजागरी अडकली असेल, तर त्यातील मोठा वाटा तिच्याच वाट्यास येतो. गंज हटत नाही. मग पातळ पत्रा हटतो. आम्ही पंधरा वर्षे फळ्यावर तरफ काढीत होतो. दादा रोज पहाटे त्याच तरफेने स्वतःचे बॉनेट वाकवीत होते. पत्रा वाकल्याने लॉकची खुंटी आपल्या जागेवरून थोडी सरकली, लॉक अर्धवटच बसू लागले, आणि एका खड्ड्याने ते सुटले. पुढचे काम वाऱ्याने केले. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी तीसवर जो असेल, तो ताशी साठवर चौपट होतो.

हा दोष केवळ आमच्याच गाडीचा नव्हे. अमेरिकेतील १९७० च्या दशकातील काही पिकअप गाड्यांत, मोठ्या स्प्रिंगांच्या बिजागऱ्या कोरड्या पडल्या की बॉनेट मिटताना ते मध्येच दुमडते, हे तेथील जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांस चांगले ठाऊक आहे. अनेक गाड्यांच्या बॉनेटला मुद्दामच वाकण्याच्या जागा ठेवलेल्या असतात. हेतू हा की, समोरून टक्कर झाली असता बॉनेट दुमडावे, सरळ काचेतून आत घुसू नये. माणसाच्या रक्षणासाठी ठेवलेली ही जागा बिजागरी अडकली असता प्रथम वाकते. तेव्हा बॉनेट मिटताना जड लागले, तर अधिक जोर लावणे हा उपाय नव्हे. तेथेच थांबावे, पुन्हा उघडावे आणि बिजागरीकडे पाहावे.

दुरुस्ती कशी झाली, ते क्रमाने सांगतो. आम्ही उतावीळपणे हातोडीकडे पाहिले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मारून निघत नाही, सर. भिजू द्या की.” त्यांनी खोबणी साफ केली, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला, दोन्ही पिनांवर गंज सोडविणारे पातळ तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. इंजिन पूर्ण थंड होते. तापलेल्या इंजिनाशेजारी असे तेल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. सकाळी पुन्हा तेल सोडून बॉनेट इंच-इंच वर-खाली केले. उजवी बिजागरी तांबडे पाणी ओकून मोकळी झाली. डावी हलली, पण तिच्यातून ‘खडखड’ असा आवाज आला. तिची पिन एका बाजूने झिजली होती व भोक गोल न राहता लांबट झाले होते. अशा भोकात कितीही तेल घातले, तरी तो ढिलेपणा जात नाही. बुश बसवून जुनी पिन बदलता येते. पण पत्राच पातळ झाला असेल, तर बिजागरीच बदलावी, आणि बदलावयाची तर दोन्ही. एक नवी व एक जुनी अशी जोडी लावली, तर बॉनेट पुन्हा तिरके व्हावयास वेळ लागत नाही.

बोल्ट सोडण्यापूर्वी मिस्त्रींनी जुन्या बिजागरीच्या कडेने खडूची रेघ मारून ठेवली. आम्हांस वाटले, मास्तर पाहून विनोद करीत आहेत. पण त्यामागे विचार होता. बिजागरीची भोके लांबट ठेवलेली असतात, म्हणजे बॉनेट मागे-पुढे सरकवून बसविता यावे. खूण नसेल, तर मूळ जागा शोधण्यात दिवस जातो. त्या रेघेने ती जागा जपली. मग दोन माणसांनी दोन बाजू धरल्या. बॉनेट एकट्याने कधीही उतरवू नये; ते निसटले, तर काच, रंग व माणसाची बोटे, तिन्हींची हानी होते. खालून टेकू नीट लागला आहे, याची खात्री होईपर्यंत कोणी डोके आत घालू नये.

बॉनेट उतरविल्यावर बिजागरीशेजारच्या पत्र्यात बोटभर लांबीची एक चीर दिसली. मिस्त्रींनी तिच्या अगदी टोकाला तीन मिलिमीटरचे एक भोक पाडले. चीर आहेच, वर भोक कशाला, असे आम्ही विचारले. चिरेच्या तीक्ष्ण टोकाशी सारा ताण एकवटतो व ती पुढे धावते. गोल भोकाने तो ताण विभागला जातो आणि चीर तेथे थांबते. मग त्यांनी बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवली, चीर वेल्डिंगने भरली आणि आतून पट्टी जोडून ती जागा बळकट केली. वर गंजरोधक रंग दिला. उघडे राहिलेले वेल्डिंग पहिल्या पावसात गंजते.

शेवटी जुळवणी. तिचाही एक क्रम आहे. प्रथम बिजागऱ्या. बोल्ट अर्धवट आवळून बॉनेट हलकेच मिटावे, दोन्ही बाजूंची फट पाहावी, उघडावे, सरकवावे, पुन्हा मिटावे. मागच्या कोपऱ्यांची उंची बिजागरी जेथे गाडीच्या अंगास जोडलेली असते, तेथे ठरते. पुढच्या कोपऱ्यांची उंची रबरी ठोकळ्यांनी. हे दोन्ही जमल्यावरच लॉकला हात लावावा. आम्ही असतो, तर प्रथम लॉकच ठोकून वाकविले असते; कारण न लागणारे ते लॉक डोळ्यांस दिसते, बिजागरी दिसत नाही. सर्वांत शेवटी मिस्त्रींनी तो छोटा आकडा पक्कडीने सरळ केला, त्याच्या स्प्रिंगला तेल दिले, आणि मुख्य लॉक मुद्दाम सोडून बॉनेट आकड्यात अडकते की नाही, हे दहा वेळा पाहिले. दादांनी खिशातून ती तार काढून त्यांच्यासमोर ठेवली. मिस्त्रींनी ती पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता कचऱ्यात टाकली.

या दुरुस्तीस तीन दिवस गेले, दादांचे तीन दिवसांचे भाडे बुडाले, काच नवी घालावी लागली. हे सारे वाचविण्यास काय पुरेसे होते, याचा हिशेब आम्ही नंतर मांडला. दर महिन्यास एकदा दोन्ही पिनांवर पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडून बॉनेट चार-पाच वेळा वर-खाली करावे, आणि बाहेर आलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे. तसेच राहिले, तर त्यावर धूळ बसून तीच पुढे कानशीसारखी घासते. लॉकला थोडे ग्रीस, आकड्याला व तारेला तेल. मृगापूर्वी व दिवाळीच्या आसपास काचेखालील खोबणी रिकामी करून पाणी वाहण्याची भोके मोकळी करावीत. बिजागरीचे बोल्ट पान्याने एकदा तपासावेत. गाडी धुतली, तर त्या दिवशी तेल आठवणीने द्यावे. टेकू काढल्याखेरीज बॉनेट खाली दाबू नये. घाईत ही चूक अनेकांकडून होते आणि धड बिजागरीही तिने वाकते. वाहत्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सांभाळून उघडावे. बॉनेटवर कोणी बसू नये, त्यावर पोते टेकवू नये. आणि मिटल्यावर पुढची कड धरून एकदा वर ओढून पाहावी. ती हलली, तर गाडी सुरू करू नये. या साऱ्यास वर्षाकाठी तेलाची एक छोटी कुपी आणि बारा वेळा दहा-दहा मिनिटे लागतात.

विद्यार्थी मित्रहो, या हिशेबात एक गोष्ट मांडता येत नाही. ज्या माणसाने आमच्या पुस्तकांसाठी पहाटेचे तीन कधी चुकविले नाहीत, त्याला आम्ही दहा मिनिटे दिली नाहीत. तशात, त्याची अडचण दूर करतो असे मानून, त्याच्या रक्षणासाठी ठेवलेला एकमेव आकडा आम्ही आपल्या हातांनी बांधून टाकला. अडचण करणारी प्रत्येक वस्तू निरुपयोगी नसते. आकडा घासत होता, तो आम्हांस काही सांगत होता. बिजागरी कुरकुरत होती, तीही सांगत होती. वहिनींना ते ऐकू आले. विज्ञान शिकविणाऱ्या आम्हांस आले नाही.

दादांनी ती गाडी २०२२ साली विकली. घेणाऱ्याच्या हाती चावी देताना त्यांनी तेलाची कुपीही दिली, आणि आधी कुपीचा उपयोग समजावून सांगितला, मग क्लचचा. ती झिजलेली डावी पिन मात्र आम्ही मागून घेतली होती. ती आमच्या टेबलाच्या खणात असते. आठवीच्या वर्गात घर्षणाचा पाठ आला की आम्ही ती मुलांच्या हातांत देतो. एका बाजूस बोट फिरविले की खाच लागते. मुले विचारतात, “सर, हे कशानं झालं?” आम्ही आधी घर्षण सांगतो आणि मग खरे उत्तर सांगतो. त्यानंतर मुले शाळेच्या फाटकापासून वर्गांच्या दारांपर्यंत सर्व बिजागऱ्यांना तेल घालून येतात. त्या दिवशी शाळा फार शांत असते.

घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक कुपी व एक फडके ठेवलेले दिसते. दादा काही बोलत नाहीत. आम्हीही उत्तरपत्रिका बाजूस सारतो आणि अंगणात जातो.